तारेचे दोन वेग

गाण्याच्या बैठकीआधी तानपुरा मिळवताना पाहिला असेल, तर एक कोडं तुमच्या डोळ्यांसमोरच घडलेलं असतं. चारही तारा साधारण एकाच लांबीच्या असतात. वरच्या अटीपासून खालच्या घोडीपर्यंत सगळ्यांना सारखंच अंतर. तरी पहिली तार मंद्र पंचमात बोलते, मधली जोडी षड्जात आणि शेवटची तिच्याही खाली खर्जात. खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. पण तीच तार दुप्पट जोरानं छेडली, तर आवाज मोठा होतो आणि सूर मात्र जिथल्या तिथं राहतो.

जोरात छेडलेली तार जास्त वेगानं हलते, हे तर उघड दिसतं. मग या वाढलेल्या वेगाचा सुरावर परिणाम का होत नाही?

कारण हलत्या तारेत दोन निरनिराळे वेग असतात. त्यांची एकमेकांत गल्लत झाली की तानपुराही कळत नाही आणि अकरावी-बारावीच्या पुस्तकातली तरंगांची गणितंही सुटत नाहीत. मुलं सूत्रं पाठ करतात, आकडे बरोबर घालतात आणि तरी उत्तर चुकतं. माझ्या मते त्यामागं बहुधा हीच गल्लत असते. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा या दोन वेगांकडे जास्त लक्ष द्यायचं आहे.

दोरी आणि चिमटा

कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातात धरा आणि दोरी ताठ करा. मधे कुठंतरी एक चिमटा लावा. आता हाताला एकदाच वर-खाली झटका द्या. दोरीवर एक उंचवटा उठेल आणि गजाकडे पळत जाईल. गजावर आदळून तो परत येईल, पण उलटा होऊन. म्हणजे गेला उंचवटा आणि आला खळगा.

या सगळ्या धावपळीत चिमट्याचं काय झालं? उंचवटा त्याच्यापाशी आला तेव्हा तो वर गेला, पुढं सरकला तेव्हा खाली आला. तो गजाकडे गेला नाही, तुमच्याकडेही आला नाही. दोरीचा प्रत्येक कण असाच आपल्या जागी वर-खाली झाला. दोरीच्या लांबीच्या दिशेनं पुढं गेली ती फक्त हालचाल आणि तिच्यासोबत ऊर्जा.

कणांची हालचाल ज्या दिशेनं होते, त्या दिशेशी काटकोन करून जो तरंग पुढं जातो, त्याला अवतरंग म्हणतात. हवेतल्या आवाजात तसं नसतं. तिथं हवेचे कण तरंग जातो त्याच रेषेत पुढं-मागं होतात, तो अनुतरंग.

तेव्हा दोरीत दोन वेग आहेत. एक उंचवट्याचा, दोरीच्या दिशेनं. हा तरंगाचा वेग. दुसरा चिमट्याचा, दोरीला आडवा. हा कणाचा वेग. झटका मोठा दिला तर चिमटा जास्त उंच आणि जास्त वेगानं जाईल, पण उंचवटा गजापर्यंत पोचायला तेवढाच वेळ घेईल. दोरी जरा आणखी ताणून तोच झटका द्या. आता उंचवटा लवकर पोचेल. हा प्रयोग खरोखर करून पाहावा. दोरी लांब आणि जाड असली तर फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

तरंगाचा वेग कोण ठरवतो?

साखळी खेळताना मुलं हात धरून रांगेत उभी राहतात, तशी रांग डोळ्यांसमोर आणा. टोकाच्या मुलानं एक पाऊल बाजूला टाकलं. त्याच्या हातामुळं शेजारचा ओढला गेला, त्यानं पाऊल टाकलं, मग तिसरा ओढला गेला. मुलं बाजूला सरकताहेत आणि ओढ रांगेतून पुढं जातेय. हात ताठ, ताणून धरलेले असतील तर ही ओढ पुढच्याला लगेच जाणवते. हात सैल लोंबत असतील, तर आधी ते ताठ होईपर्यंत वेळ जातो. आणि रांगेत पहिलीतल्या मुलांऐवजी दहावीतली दांडगी मुलं असतील, तर प्रत्येकाला जागचं हलायलाच जास्त वेळ लागेल.

तारेतही हेच घडतं. तारेचा प्रत्येक तुकडा शेजारच्याला ताणाच्या जोरावर ओढतो. ताण जास्त तर तरंग वेगवान, तार जड तर तरंग मंद. इथं 'जड' म्हणजे एक मीटर तारेचं वस्तुमान किती, हे पाहायचं. सूत्र असं आहे:

तरंगाचा वेग = √(ताण ÷ दर मीटर वस्तुमान)

वर्गमूळ का, ते एककांवरून ताडता येतं. ताण न्यूटनमध्ये, म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. त्याला किलोग्रॅम प्रति मीटरनं भागलं की मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग उरतो. हा वेगाचा वर्ग झाला, वेग नव्हे. परीक्षेत सूत्र आठवेना, तर ही वाट उपयोगी पडते.

आता या सूत्रात काय नाही ते पाहा. तार किती जोरात छेडली, ते यात कुठंही नाही. तरंगाचा वेग तारेनं ठरतो, बोटानं नाही. (फारच जोर लावला तर तार क्षणभर जास्त ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. पण तानपुऱ्याच्या नाजूक छेडीत तो फरक सोडून देता येतो.)

सूर म्हणजे फेऱ्यांची संख्या

छेडलेली तार बोटातून सुटते, तेव्हा बोटामुळं तिच्यात पडलेला कोन दोन्ही बाजूंना धावतो. घोडीवर आणि अटीवर तो आदळतो, उलटतो, परत येतो. दोन्ही टोकांवर एकेकदा उलटून झाला की तारेचा आकार पुन्हा सुरुवातीसारखा होतो. म्हणजे तारेच्या लांबीच्या दुप्पट अंतर कापलं की एक फेरी पूर्ण. सेकंदात अशा जितक्या फेऱ्या, तितकी त्या तारेची मूळ वारंवारता. तीच आपल्याला सूर म्हणून ऐकू येते.

वारंवारता = तरंगाचा वेग ÷ (२ × लांबी)

कोडं इथंच सुटतं. सूर ठरतो फेऱ्यांवरून, आणि फेऱ्या ठरतात तरंगाच्या वेगावरून. कणाचा वेग वाढल्यानं वाढतो तो आवाजाचा मोठेपणा.

फ्रेंच पाद्री मारँ मेर्सेन यांनी तारेची लांबी, ताण, जाडी आणि सूर यांचं नातं १६३६ च्या सुमारास ग्रंथात मांडलं. तेव्हा न्यूटनचा जन्मही झालेला नव्हता. तारेच्या हालचालीचं गणिती समीकरण द'आलंबेर यांनी १७४७ मध्ये लिहिलं. म्हणजे कानाला आणि हाताला हे नियम गणिताच्या शंभर वर्षं आधी कळले होते.

खुंटीवर किती किलो?

आता आकडे घालू. पुरुषी आवाजाचा तानपुरा काळी एकच्या पट्टीत लावला, तर जोडीच्या तारांची वारंवारता सुमारे १३९ हर्ट्झ येते. हिशेबाला सोपी म्हणून १४० धरू. तारेची बोलती लांबी १ मीटर आणि पोलादी तार ०.३२ मिलिमीटर व्यासाची धरू.

आधी तरंगाचा वेग. २ × १ × १४० = २८० मीटर प्रति सेकंद. म्हणजे बारीकशा तारेत तरंग ताशी हजार किलोमीटरच्या वेगानं येरझाऱ्या घालतोय.

मग दर मीटर वस्तुमान. एक मीटर तारेचं आकारमान काढून त्याला पोलादाच्या घनतेनं, म्हणजे घनमीटरला ७८५० किलोग्रॅमनं गुणलं की सुमारे ०.६३ ग्रॅम मिळतं. किलोग्रॅममध्ये ०.०००६३.

ताण = दर मीटर वस्तुमान × वेगाचा वर्ग, म्हणजे ०.०००६३ × ७८,४०० = सुमारे ४९ न्यूटन. हे पाच किलोच्या वजनाइतकं झालं. केसापेक्षा जेमतेम काही पट जाड अशी ती तार पाच किलोची पिशवी टांगल्याइतकी ताणलेली असते. खुंटी घट्ट का बसवावी लागते, ते यावरून ध्यानात येईल.

आता खर्जाची तार. तिची वारंवारता निम्मी, ७०. म्हणून तरंगाचा वेगही निम्मा, १४०. वेगाच्या वर्गामुळं ताण मात्र एक चतुर्थांश लागतो. तीच पोलादी तार लावली तर सव्वा किलोच्या ताणावर ती ढिली पडेल, घोडीवर फडफडेल, आणि तिच्यातून भरदार नाद निघणार नाही. ताण पाच किलोच ठेवायचा, तर दर मीटर वस्तुमान चौपट हवं, म्हणजे अडीच ग्रॅम. पोलादाची तार तेवढी जड करायला जाडी दुप्पट करावी लागेल. पण जाड पोलाद ताठर असतं, सहज वाकत नाही. पितळ पोलादापेक्षा जड आणि वाकायला मऊ. सुमारे ०.६ मिलिमीटरची पितळी तार हे काम करते. खर्जाला पितळ लावायची कारागिरांची रीत या गणिताशी पूर्ण जुळते.

आणि कणाचा वेग? तारेचा मधला भाग दोन्हीकडे २ मिलिमीटर हलतो, म्हणजे त्याचा आयाम २ मिलिमीटर, असं धरू. त्याचा कमाल वेग = २ × ३.१४ × वारंवारता × आयाम, म्हणजे २ × ३.१४ × १४० × ०.००२ = सुमारे १.७६ मीटर प्रति सेकंद. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. एकाच तारेत, एकाच क्षणी, एक वेग २८० आणि दुसरा पावणेदोन. दुप्पट जोरानं छेडली तर पावणेदोनचे साडेतीन होतील. २८० तसेच राहतील.

सत्तर ग्रॅमचा फरक

मला या सगळ्या हिशेबात सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो तो जोडी मिळवण्याचा. दोन्ही तारा षड्जात. एक १४० वर आणि दुसरी १३९ वर असेल, तर दोन्ही मिळून आवाज सेकंदाला एकदा मोठा-लहान होतो, लाटेसारखा हेलकावतो. त्याला विस्पंद म्हणतात. वारंवारतेतला फरक १४० मागं १. ताण वर्गाच्या हिशेबानं बदलतो, म्हणून ताणातला फरक त्याच्या दुप्पट, साधारण १.४ टक्के. पाच किलोचे १.४ टक्के म्हणजे सत्तर ग्रॅम.

चांगला कान इथं थांबत नाही. पाच सेकंदांतून एकदा येणारा हेलकावाही त्याला खटकतो. तो फरक चौदा ग्रॅमचा. पाच किलोत चौदा ग्रॅम! खुंटीनं एवढं बारीक काम होत नाही, म्हणून घोडीच्या खाली तारेत मणी ओवलेले असतात. मणी किंचित सरकवला की ताणात असा कणभर बदल होतो आणि हेलकावा थांबतो. प्रयोगशाळेतला ताणकाटा जे मोजेल, ते वादक निव्वळ कानानं मोजतो.

> चौकट: गणिताला बसण्यापूर्वी
>
> प्रश्नात 'वेग' शब्द आला की आधी ठरवा, कोणाचा? तरंगाचा असेल तर ताण आणि वस्तुमान, किंवा वारंवारता गुणिले तरंगलांबी. कणाचा असेल तर आयाम आणि वारंवारता. आयाम दिलेला असूनही तो तरंगाच्या वेगात घालू नका. तो तिथं लागतच नाही.
>
> ग्रॅमचे किलोग्रॅम आणि मिलिमीटरचे मीटर सुरुवातीलाच करून घ्या. तारेचं एकूण वस्तुमान दिलं असेल तर लांबीनं भागायला विसरू नका.
>
> तरंग एका माध्यमातून दुसऱ्यात गेला तर वारंवारता तीच राहते. बदलतात वेग आणि तरंगलांबी. तानपुऱ्याची तार सेकंदाला १४० वेळा हलते, म्हणून घोडीखालची लाकडी तबलीही १४० वेळा हलते आणि हवाही. तारेत तरंगलांबी २ मीटर असते. हवेत आवाजाचा वेग सुमारे ३४५ मीटर प्रति सेकंद असल्यानं ती अडीच मीटरच्या जवळ जाते.

पुस्तकातलं समीकरण वाचताना

पाठ्यपुस्तकात अवतरंग बहुधा अशा रूपात भेटतो:

विस्थापन = ०.००३ × साइन (५ × अंतर − ४०० × वेळ)

सगळी मापं मीटर आणि सेकंदात. हे पाहून अनेकांना धडकी भरते. पण हे समीकरण म्हणजे दोरीचं वर्णन आहे: दोरीवर अमुक अंतरावरचा चिमटा अमुक वेळी किती वर किंवा खाली असेल, एवढंच ते सांगतं. चिमटा जास्तीत जास्त ०.००३ मीटर, म्हणजे ३ मिलिमीटर हलेल. हा आयाम.

आता उंचवट्यावर नजर ठेवा. उंचवटा उंचवटाच राहायचा तर कंसातली किंमत तीच राहायला हवी. वेळ वाढली की ४०० पटीनं वजाबाकी वाढते. ती भरून काढायला अंतर वाढायला हवं. म्हणून तरंग वाढत्या अंतराकडे चाललाय, आणि त्याचा वेग ४०० ÷ ५ = ८० मीटर प्रति सेकंद. कंसात वजाऐवजी अधिक असतं, तर तो उलट दिशेला गेला असता. चिमट्याचा कमाल वेग मात्र ०.००३ × ४०० = १.२ मीटर प्रति सेकंद. दोरीचं दर मीटर वस्तुमान ५ ग्रॅम असेल तर ताण ०.००५ × ६४०० = ३२ न्यूटन. एका ओळीतून इतकं सगळं निघालं.

अमुक कण आत्ता वर चाललाय की खाली, हा प्रश्न हमखास विचारतात. तरंगाची आकृती काढा आणि तीच आकृती तरंगाच्या दिशेनं जराशी सरकवून पुन्हा काढा. कण आपल्या उभ्या रेषेवरच राहणार. नवी आकृती त्याला वर दाखवते की खाली, ते बघा. उंचवटा ज्याच्याकडे येतोय तो कण वर निघालेला असतो, उंचवटा ज्याला सोडून गेला तो खाली. आणि ऐन शिखरावरचा कण त्या क्षणापुरता थांबलेला असतो.

जिथं सूत्र अपुरं पडतं

आतापर्यंत आपण तारेची दोन्ही टोकं पक्की धरली. सतारीच्या किंवा तानपुऱ्याच्या घोडीवर ते पूर्ण खरं नाही. ती घोडी धारदार नसते. तिचा माथा रुंद आणि किंचित बाकदार असतो, आणि तानपुऱ्यात तार व घोडी यांच्यामधे एक दोरा सरकवलेला असतो. तार हलताना त्या बाकावर टेकते, उचलली जाते, पुन्हा टेकते. तारेचं टोक नेमकं कुठं, हेच दर हेलकाव्यात बदलतं.

याचा परिणाम चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात अभ्यासला आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. जुना नियम असा होता, की तार बरोबर मध्यावर छेडली तर मध्यबिंदू ज्यांत स्थिर राहतो असे वरचे स्वर उमटत नाहीत. रामन यांना तानपुऱ्यात ते स्वर स्पष्ट ऐकू आले. बाकदार घोडी ऊर्जा एका स्वरातून दुसऱ्यात पोचवत राहते, म्हणून एका षड्जात ऐकणाऱ्याला गंधारही ऐकू येतो. घोडीचा हा माथा कानसून नेमका करायच्या कामाला जवारी काढणं म्हणतात. मिरजेच्या कारागिरांची ओळख याच हातावर उभी आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

खडकातला अवतरंग

ताण आणि वस्तुमान यांचं हे नातं तारेपुरतं नाही. खडकाचा एक थर बाजूला सरकला तर तो शेजारच्या थराला आपल्यासोबत ओढतो. म्हणून भूकंपातही अवतरंग निघतात. त्यांना दुय्यम तरंग म्हणतात, कारण ते अनुतरंगांच्या मागून पोचतात. सूत्राचा साचा तोच. ताणाच्या जागी खडकाचा आडव्या ओढीला असणारा विरोध येतो आणि दर मीटर वस्तुमानाच्या जागी घनता. कवचातल्या कठीण खडकासाठी हा विरोध साधारण ३३ अब्ज पास्कल आणि घनता घनमीटरला २७०० किलोग्रॅम धरली, तर वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर येतो. त्याच खडकातले अनुतरंग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जातात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. कोयना ते पुणे सरळ अंतर सुमारे १२५ किलोमीटर. वरचे वेग धरले तर पुण्याला पहिला धक्का सुमारे २१ सेकंदांनी आणि दुसरा, आडवा हलवणारा, ३६ सेकंदांनी पोचायला हवा. मधे १५ सेकंद. गणित उलटं फिरवा: भूकंपमापकावर दोन तरंगांमधलं अंतर सेकंदांत मोजा, त्याला सुमारे ८.४ नं गुणा, आणि भूकंप किती किलोमीटरवर झाला ते मिळतं. दिशा मात्र यातून कळत नाही. म्हणून निदान तीन केंद्रांवरून नकाशावर वर्तुळं काढतात. ती जिथं एकत्र येतात, तिथं भूकंपाचं ठिकाण.

द्रवाचं तसं नाही. पाण्याचा एक थर बाजूला सरकवा. शेजारचा थर त्याला मागं खेचत नाही. आडव्या ओढीला विरोध शून्य, म्हणून सूत्रात वेगही शून्य. द्रवाच्या आतून अवतरंग जाऊच शकत नाही. मोठ्या भूकंपानंतर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला जिथं हे दुय्यम तरंग थेट पोचायला हवे होते, तिथं ते पोचत नाहीत. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर काहीतरी त्यांना अडवतं. तिथपर्यंत कोणतंही छिद्र पाडलं गेलेलं नाही, तरी तिथून पुढचा थर वितळलेला आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ते या न आलेल्या तरंगांवरून.